बॅरलमध्ये मुरलेली ब्राउन एल : घोटाचा मधला भाग गेला कुठे?

अर्धापेला

परवा दोन बाटल्या शेजारी शेजारी उघडल्या. दोन्ही एकाच ब्रूअरीच्या. एक साधी ब्राउन एल, ७.८ टक्के अल्कोहोलची. दुसरी म्हणजे तीच बिअर, बर्बनच्या (अमेरिकन व्हिस्कीच्या) रिकाम्या बॅरलमध्ये मुरवलेली, लेबलवर ९ टक्के. नाव मुद्दाम देत नाही. नाव दिलं की चर्चा बिअरची राहत नाही, ब्रूअरीची होते.

साधी आधी. रंग गडद तपकिरी, दिव्यासमोर धरली की कडेला लालसर झाक. फेस दोन बोटं, साईसारखा, बसून राहणारा. वास भाजलेल्या पावाच्या कडेचा. घोटाच्या सुरुवातीला कॅरमेलचा गोडवा, शेवटी जेमतेम कडवटपणा, आणि या दोहोंच्या मध्ये एक कोरडा, खरपूस, अक्रोडासारखा ऐवज. मी ब्राउन एल पितो ती या मधल्या भागासाठी. काळ्या, दाट स्टाउटसारखी ती अंगावर येत नाही, पण पाणचटही नसते.

आता मुरलेली. रंग जवळपास तोच. फेस मात्र ओतता ओतताच विरला, काठाशी एक कडं तेवढं राहिलं. वासासाठी नाक पेल्यात घालावं लागलंच नाही. व्हॅनिला, सुकं खोबरं, पाठोपाठ दारूची गरम झुळूक. पाच-सहा वेळा हुंगल्यावर कुठेतरी मागे खजूर सापडला. पहिला घोट फ्रिजमधून काढल्या काढल्या घेतला ही माझी चूक, कारण व्हॅनिला लावलेली ओली फळी चाटल्यासारखं वाटलं. मग पेला तसाच ठेवून दिला. वीस-पंचवीस मिनिटांनी थर्मामीटर बुडवून पाहिला, १२ अंश. आता मनुका आल्या, डार्क चॉकलेट आलं, दारूची धारही बोथट झाली. पिण्यासारखी झाली, खोटं कशाला बोलू.

पण तो मधला भाग? घोट सुरू होतो बॅरलने आणि संपतोही बॅरलनेच. मध्ये नुसता खळगा. साधी बाटली शेजारी नसती तर हा खळगा मला कळलाही नसता, छान आहे म्हणून मोकळा झालो असतो.

तर प्रश्न असा, की ब्राउन एलला बॅरल झेपत नाही का? की मला मिळालेल्या बाटलीतच कुठेतरी पाणी मुरतंय?

पाचव्या_मजल्यावरून

पाणी नाही हो, दारू मुरतेय. :)

गंभीरपणे सांगतो. ज्याला बर्बन हवी त्याने बर्बन प्यावी, ज्याला बिअर हवी त्याने बिअर प्यावी. एका बिचाऱ्या सौम्य बिअरला दारूच्या पिंपात कोंडायचं, महिनोन्‌महिने वाट बघायची आणि बाहेर आल्यावर "व्हॅनिला आला, व्हॅनिला आला" म्हणून नाचायचं, हे कौतुक मला कधीच कळलेलं नाही.

हळदीउन्ह

धागा आवडला. अडाणी प्रश्न आहे, हसू नका. ब्राउन एल म्हणजे नेमकं काय? मला आत्तापर्यंत काळी आणि पिवळी एवढ्या दोनच बिअर माहीत आहेत.

अर्धापेला

@हळदीउन्ह, हसत नाही. मीही अनेक वर्षं तसाच होतो.

मूळ इंग्लंडचं. लंडनकडची जुनी तऱ्हा गोड आणि हलकी. मॅन्सची ब्राउन एल १९०२ मधली, तीन टक्क्यांच्याही खालची. उत्तरेकडची त्याहून कोरडी आणि जरा तगडी. न्यूकॅसल ब्राउन एल १९२७ ची, ४.७ टक्के. पुढे अमेरिकेतल्या घरगुती ब्रूअरनी हीच उचलली, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) वाढवले, भाजलेलं माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) वाढवलं. रंग आणि चव दोन्ही माल्टमधून येतात. क्रिस्टल माल्टने कॅरमेल, चॉकलेट माल्टने खरपूसपणा. चॉकलेट माल्टमध्ये चॉकलेट अजिबात नसतं, नुसतं रंगावरून नाव पडलंय.

बीजेसीपीच्या (बिअर परीक्षकांच्या अमेरिकन संस्थेच्या) वर्गवारीत ब्रिटिश ब्राउन एल ४.२ ते ५.९ टक्के आणि अमेरिकन ४.३ ते ६.२ टक्के अशी धरतात. म्हणजे माझ्याकडची साधी बाटलीसुद्धा मुळात दांडगीच होती. बॅरलमध्ये घालायची म्हणून बहुधा मुद्दाम तशी केलेली.

लाकूडतोड्या

बिअरमधलं मला फार कळत नाही, पण लाकडाचं बोलणं निघालंय तर गप्प बसवत नाही.

अमेरिकेत बर्बनला कायद्याने नवंकोरं, आतून जाळलेलं ओकचं पिंप लागतं. एकदा बर्बन काढली की त्याच पिंपात पुन्हा बर्बन मुरवता येत नाही. म्हणून ही पिंपं एका वापरानंतर बाजारात येतात आणि स्कॉच, रम, बिअर सगळे त्यावर तुटून पडतात. नेहमीचं पिंप ५३ अमेरिकन गॅलनचं, म्हणजे साधारण २०० लिटर.

लाकूड बहुतेक पांढरा ओक. लाल ओक का नको? लाल ओकचा तुकडा घ्या, एक टोक पाण्यात बुडवा आणि दुसऱ्या टोकाने फुंकर मारा. बुडबुडे येतात. त्याच्या नळ्या आरपार मोकळ्या असतात. पांढऱ्या ओकच्या नळ्या झाड जिवंत असतानाच आतून बुजतात, म्हणून पिंप गळत नाही. हा प्रयोग मी स्वतः केलाय, पोराला दाखवायला. पोरापेक्षा मलाच जास्त मजा आली.

आता चवीचं. लाकडातल्या लिग्निनपासून उष्णतेने व्हॅनिलिन तयार होतं, तो तुमचा व्हॅनिला. हेमिसेल्युलोज भाजलं की त्यातल्या साखरा मोकळ्या होतात, ते कॅरमेल. खोबऱ्याचा वास ओकमधल्या लॅक्टोनचा. ते अमेरिकन ओकमध्ये युरोपियन ओकपेक्षा बरंच जास्त असतं. लवंगेसारखं काही जाणवलं तर ते युजेनॉल. आणि शेवटी जीभ आवळते ते टॅनिन. म्हणजे तुम्ही लिहिलेल्या यादीत खजूर, मनुका आणि चॉकलेट सोडलं तर बाकी सगळी आमच्या लाकडाची कमाई आहे.

पाचव्या_मजल्यावरून

म्हणजे फर्निचर पितोय म्हणा की.

लाकूडतोड्या

चांगलं फर्निचर असेल तर प्यायला हरकत काय?

कडूगोड

मी घरी बिअर करतो, त्यामुळे या विषयावर माझा हात पोळलेला आहे. सविस्तर लिहितो.

दोनेक वर्षांपूर्वी पाच लिटरचं छोटं पिंप आणलं. हौस म्हणून. आधी त्यात महिनाभर बर्बन ठेवली, ती काढून त्यात माझी ब्राउन एल भरली. ५.५ टक्क्यांची, नेहमीची, जमून आलेली. वाचलेलं असं की मोठे लोक सहा-सहा महिने, वर्ष-वर्ष ठेवतात. म्हटलं आपण तीन महिने तरी ठेवू.

मुळात भरायच्या आधीच गंमत झाली. पिंप सुकं होतं आणि मी ते नीट फुगवलं नव्हतं. खरं तर आधी गरम पाणी भरून ठेवायचं असतं, फळ्या फुगून एकमेकींना चिकटेपर्यंत. मी घाईत अर्धा तास पाणी ठेवलं, बर्बन ओतली आणि झोपायला गेलो. सकाळी टेबलाखाली तळं. दोन फळ्यांच्या सांध्यातून थेंब, थेंब, थेंब. घरभर असा वास, की शेजारच्यांनी दार वाजवून "सगळं ठीक आहे ना" विचारलं.

ते निस्तरलं. मग तीन महिन्यांनी बिअर काढली. पेन्सिलीचं टोक चघळलंय कधी? तसं. नुसता ओक. तुम्ही म्हणताय तो मधला भाग तर सोडाच, सुरुवात आणि शेवटही गेला होता.

का, ते नंतर गणित मांडल्यावर कळलं. पिंप जेवढं लहान तेवढं प्रत्येक लिटरच्या वाट्याला लाकूड जास्त. २०० लिटरचं पिंप पाच लिटरच्या चाळीस पट. चाळीसचं घनमूळ ३.४. म्हणजे माझ्या प्रत्येक लिटरला मोठ्या पिंपाच्या जवळपास साडेतीन पट लाकूड लागत होतं. वर पिंप जवळजवळ नवं. मोठ्या पिंपातल्या लाकडाचा जोर बर्बनने आधीच काही वर्षं शोषून घेतलेला असतो, माझ्या पिंपाचा सगळा जोर माझ्या बिअरवर निघाला.

दुसऱ्या खेपेला तेच पिंप, तीच बिअर, पण दर चार दिवसांनी चमचाभर काढून चाखली. बाराव्या दिवशी थांबलो. वासाला व्हॅनिला होता आणि अक्रोडही शाबूत. एकच दिवस जास्त ठेवली असती तर चाललं असतं का, माहीत नाही, पण धीर झाला नाही.

तेव्हा @अर्धापेला, ब्राउन एलला बॅरल झेपत नाही असं नाही, तिला ते कमी लागतं. स्टाउट किंवा बार्ली वाइन (नावात वाइन असली तरी कडक बिअरच) वर्षभर बॅरलशी कुस्ती खेळू शकते. ब्राउन एल पहिल्या फेरीतच हात वर करते.

हळदीउन्ह

पेन्सिलीचं टोक! :D :D

पण दारू तर काढून घेतलेली असते ना? मग रिकाम्या बॅरलमध्ये ठेवल्याने बिअरचे टक्के कसे वाढतात?

लाकूडतोड्या

रिकामं दिसतं, रिकामं नसतं. फळ्यांच्या आत काही लिटर दारू मुरून बसलेली असते. हवेत उडून जाते तिला देवदूतांचा वाटा म्हणतात, आणि लाकडात अडकते तिला सैतानाचा वाटा. बिअर भरली की सैतान आपला वाटा हळूहळू परत करतो.

कडूगोड

हिशोब सोपा आहे. २०० लिटर बिअर, ८ टक्क्यांची, म्हणजे १६ लिटर अल्कोहोल. समजा लाकडातून ६० टक्क्यांची चार लिटर दारू बाहेर आली, तर त्यातलं अल्कोहोल २.४ लिटर. १८.४ भागिले २०४, म्हणजे ९ टक्के. अर्धापेलांच्या दोन बाटल्यांमधला फरक साधारण एवढाच आहे बघा.

बर्बन पिंपात भरताना ६२.५ टक्क्यांच्या वर चालत नाही, म्हणून ६० धरले.

गंधवेणा

उशिरा आले. माझं कामच वास आणि चव तपासण्याचं आहे (बिअर नव्हे, दुसरे पदार्थ), त्यामुळे दोन-तीन गोष्टी लिहिल्यावाचून राहवत नाही.

पहिली, बाटलीत दोष आहे का, हे आधी ठरवा. बॅरलमधली बिअर बिघडायला वाव जास्त. लाकडात ब्रेटॅनोमायसिस हे रानटी यीस्ट आणि लॅक्टोबॅसिलस हे आंबवणारे जीवाणू दडून बसतात, कितीही धुतलं तरी. हवा शिरली की अ‍ॅसेटोबॅक्टर हा जीवाणू अल्कोहोलचं व्हिनेगर करतो. हलका आंबटपणा जिभेच्या कडांना झोंबतो का? घोड्याच्या खोगिरासारखा, ओल्या चामड्याचा वास येतो का? लोण्यासारखा वास, जिभेवर चिकट थर? ओल्या पुठ्ठ्याचा वास? यातलं काहीच नसेल तर बाटली निर्दोष समजा. मग प्रश्न आवडीचा उरतो.

दुसरी, तुम्ही जो "खळगा" म्हणताय त्यात नाकाचाही हात असू शकतो. व्हॅनिलिनचा जोरदार वास आला की मेंदू गोड चवीची वाट बघू लागतो. जिभेवर तेवढी गोडी नसली तर मधला भाग प्रत्यक्षात असूनही पोकळ वाटतो. नाक चिमटीत धरून एक घोट घ्या. खरपूसपणा जिभेला कडवट-कोरडा असा जाणवतो का, बघा. मग नाक सोडा.

तिसरी, साधी आधी आणि मुरलेली नंतर हा क्रम तुम्हाला माहीत होता. लेबलं दिसत होती. एवढं पुरेसं असतं चव बदलायला.

पाचव्या_मजल्यावरून

गंधवेणाताई, तुमच्या तिसऱ्या मुद्द्याला शंभर टक्के अनुमोदन. आणि त्यावरूनच माझं आव्हान.

साध्या ब्राउन एलमध्ये चमचाभर बर्बन ढवळा. शेजारी ती महागाची मुरलेली ठेवा. डोळे बांधून ओळखून दाखवा. नाही ओळखता आली तर हे पिंपपुराण बंद.

कडूगोड

आव्हान आवडलं. प्रमाण मी काढून देतो. साधी १५० मिली, ७.८ टक्के. बर्बन ४५ टक्क्यांची धरा. मिश्रण ९ टक्क्यांना आणायचं तर पाच मिली लागते. म्हणजे खरोखरच एक चहाचा चमचा! पाचव्या_मजल्यावरून, तुम्ही गणित करून बोललात की तोंडाला आलं ते?

पाचव्या_मजल्यावरून

तोंडाला आलं ते. पण आता गणित केलं होतं असंच सांगणार.

गंधवेणा

करणारच असाल तर त्रिकोणी चाचणी करा. तीन पेले, दोघांत एकच पेय, तिसऱ्यात वेगळं. वेगळा ओळखायचा. ओतणारा माणूस वेगळा हवा. फेसात फरक आहे म्हणालात, तेव्हा ओतल्यावर काही मिनिटं थांबा आणि तिन्ही पेले ढवळून फेस मोडून टाका, नाहीतर नाकाआधी डोळेच उत्तर देतील. तापमान तिन्हींचं सारखं. आणि एकदा बरोबर आलं म्हणून उड्या मारू नका, नुसत्या अंदाजाने बरोबर यायची शक्यता तीनात एक असते.

रिकामा_बाक

वाचतोय. खुर्ची ओढून बसलोय.

अवांतर : स्कॉटलंडच्या इनिस अँड गनची सुरुवात अशीच उलटी झाली, २००३ मध्ये. व्हिस्कीच्या पिंपांना बिअरची चव लागावी म्हणून पिंपांत बिअर भरायची आणि नंतर ती फेकून द्यायची, असा बेत होता. फेकायची बिअर कुणीतरी चाखली आणि तीच विकायला काढली. तेव्हा पाचव्या_मजल्यावरून यांचं म्हणणं थोडं फिरवून सांगायचं, तर तिथे व्हिस्की बिअरच्या मागे लागली होती.

अर्धापेला

केलं एकदाचं. शनिवारी मेहुणा आला होता, त्याला ओतायला बसवलं. तो बिअरचा भोक्ता नाही, त्यामुळे पक्षपाताचा प्रश्न नव्हता.

आधी गंधवेणाताईंची तपासणी. आंबटपणा नाही, चामडं नाही, लोणी नाही, पुठ्ठा नाही. बाटली निर्दोष. नाक चिमटीत धरून घोट घेतला आणि चाट पडलो. खरपूसपणा होता! साध्या बाटलीइतका नाही, पण होता. नाक सोडलं की व्हॅनिलाची लाट आली आणि तो बुडाला. म्हणजे मधला भाग गेला नव्हता, झाकला गेला होता. माझं मत मी तेवढ्यापुरतं मागे घेतो.

मग तीन पेले. एकसारखे, खाली कागदावर अक्षरं, मेहुण्याने लिहून घडी घातलेली. १२ अंश, फेस मोडलेला. पहिल्या फेरीत वासावर काहीच कळेना, तिन्हीत बर्बन. इथे मी घाबरलो. पण गिळल्यानंतर थांबलो तेव्हा फरक सापडला. एका पेल्यात दारू बिअरपासून वेगळी उभी होती. घोटाला एक चटका, आणि मग मागे काही नाही. बाकी दोघांत चटका कमी, पण गिळून झाल्यावर हिरड्यांपाशी एक कोरडी पकड, अर्धा मिनिट टिकणारी. लाकूडतोड्यांचं टॅनिन. चमच्याच्या बर्बनमध्येही लाकूड असतंच, पण पाच मिलीत ते कितीसं येणार! चटक्याचा पेला वेगळा म्हणून सांगितला. बरोबर.

दुसरी फेरी, पेल्यांची अदलाबदल. या वेळी दोन पेले चमचावाले, एक मुरलेला. त्याच पकडीवरून ओळखला. बरोबर.

तिसऱ्या फेरीत चुकलो. सपशेल. हिरड्या आधीच्या दोन फेऱ्यांनी इतक्या सुकल्या होत्या, की तिन्ही पेल्यांत पकड लागायला लागली.

आणि आता ते सांगतो जे सांगायची इच्छा नव्हती. सगळं झाल्यावर मेहुण्याला विचारलं, तुला कुठली आवडली? त्याने तिन्ही पेले चाखले आणि क्षणाचाही विचार न करता चमचावाला उचलला. म्हणाला, "यात बिअर लागतेय."

पाचव्या_मजल्यावरून

मेहुण्यांना माझा साष्टांग नमस्कार कळवा.

कडूगोड

मेहुणे बरोबरच बोलले, पण त्यात बॅरलचा पराभव दिसत नाही मला. चमच्याने दारू येते, लाकूड जवळपास येत नाही. म्हणून मधला भाग उघडा राहिला. बरेच ब्रूअर करतात तेही याच्याच जवळचं आहे : मुरलेल्या बिअरमध्ये न मुरलेली ताजी बिअर मिसळायची. तुमच्याकडे दोन्ही बाटल्या आहेत, म्हणजे सगळं सामान हाताशीच आहे की. निम्मं-निम्मं करून बघितलंत का?

अर्धापेला

नाही सुचलं! साधीची एक बाटली आहे. मुरलेलीचा तळाला शंभरेक मिली उरला होता, बूच लावून फ्रिजमध्ये टाकलाय. गॅस गेला असेल.

गंधवेणा

गॅस ताज्या बाटलीतून येईल. पण आजच करा, उघडलेली फार दिवस ठेवू नका. आणि तिसऱ्या फेरीबद्दल वाईट वाटून घेऊ नका. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून बसतं, म्हणून तोंड सुकल्यासारखं वाटतं, कामावर आम्ही दोन नमुन्यांमध्ये पाणी पिऊन बराच वेळ थांबतो. तुम्ही सलग तीन फेऱ्या केल्यात.

अर्धापेला

आत्ताच केलं. निम्मं-निम्मं नाही, एक भाग मुरलेली आणि दोन भाग साधी. फेस परत आला, एक बोटभर. वासाला आधी पावाची कड, तिच्यामागे व्हॅनिला. अक्रोड जागेवर. शेवटी ती पकड आहे, पण हिरड्या सोडून फक्त जिभेच्या टोकाला. खजूर मात्र गेला, त्याची चुटपुट लागली.

ब्रूअरीने हेच करून बाटलीत भरलं असतं तर मी हा धागा काढला नसता.

लाकूडतोड्या

किंवा बर्बननंतर एकदा दुसरी बिअर मुरवलेलं पिंप घ्यायचं. दुसऱ्या खेपेचं लाकूड शहाणं झालेलं असतं. रमच्या पिंपाचंही तेच. रम मुळातच बर्बनच्या जुन्या पिंपात मुरते बऱ्याचदा, त्यामुळे बिअरच्या वाट्याला येईपर्यंत लाकडाचा आवाज खाली आलेला असतो. वर काकवीचा वास, तो कॅरमेलशी भांडत नाही.

हळदीउन्ह

मला बॅरल परवडणार नाही आणि गळतीही नको. चमचा आहे. सपाट भरायचा की शिगोशीग?

पाचव्या_मजल्यावरून

सपाट. पाच मिली. गणित करूनच सांगतोय.